‘एकदा तरी’ या दोन शब्दांची किंमत

आयुष्यात ज्याने कधी विडीलाही हात लावला नाही, अशा माणसाने चाळिशी उलटल्यावर एकदा सिगार ओढून पाहावा की नाही, हा प्रश्न वर्तमानपत्राच्या या पानावर चर्चेला घेण्याजोगा आहे काय, अशी शंका काही वाचकांना येणे स्वाभाविक आहे. कापसाचे भाव, पदवीधरांची बेकारी आणि रोजची महागाई यांच्यापुढे तो क्षुल्लकच भासेल. परंतु अर्थशास्त्र हे मुळात निवडीचे शास्त्र आहे, आणि माणसाच्या मोठ्या निवडींचे मूळ पुष्कळदा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या निवडींतच सापडते.

परभणी-जिंतूर रस्त्यावरील बोरीसारख्या गावाला तंबाखू नवी नाही. कमरेची चंची, चुन्याची डबी, पारावरची चिलीम, बायकांची मशेरी आणि एके काळची हैदराबादची चारमिनार सिगारेट हे सारे या मुलखाने पाहिलेले आहे. सिगार मात्र चित्रपटातल्या सावकाराच्या किंवा तस्कराच्या ओठांत पाहण्याची वस्तू होती. आता शिकून परदेशी गेलेली मुले सुट्टीत गावी येतात आणि घड्याळ, अत्तर यांच्याबरोबर क्वचित सिगारची डबीही येते. अशाच एका माजी विद्यार्थ्याने मोठ्या प्रेमाने ती डबी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, “सर, एकदा तरी ओढून बघा. एकाने काय होतंय?” मी ती सौजन्याने परत केली. पण त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक प्रश्नाला उपदेशाने नव्हे, तर युक्तिवादाने उत्तर दिले पाहिजे.

प्रथम त्याची बाजू मांडू. सज्ञान, कमावत्या माणसाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या अंगणात, कोणालाही उपद्रव न देता एकदा एखादी वस्तू चाखून पाहिली, तर त्यात इतरांनी नाक खुपसण्याचे कारण काय? एका सिगारने कोणाला कर्करोग होत नाही. उत्सुकता हे जिवंत मनाचे लक्षण आहे. जो कशाचीच चव घेत नाही तो फार सदाचारी असतो असे नाही. कदाचित तो नुसताच भित्रा असेल. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. किंबहुना तो चारशे वर्षांपूर्वी, दक्षिणेतून गेलेल्या तंबाखूच्या निमित्ताने, खुद्द मोगल दरबारात केला गेला होता.

बादशहाचा झुरका

अकबराने असद बेग नावाच्या आपल्या सरदाराला विजापूरच्या आदिलशाही दरबारात पाठवले होते. पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर आणलेली तंबाखू तोपर्यंत विजापुरात चांगली रुळली होती. उत्तरेत मात्र ती अपरिचित होती. असद बेगने विजापुरात रत्नजडित नळीचा एक सुंदर सरंजाम करवून घेतला, आणि १६०४-०५ च्या सुमारास आग्र्याला परतल्यावर इतर नजराण्यांबरोबर तो तबकात घालून बादशहापुढे ठेवला. पुढचा प्रसंग त्यानेच लिहून ठेवला आहे. वृद्ध अकबराला कुतूहल वाटले. त्याने नळी तोंडाला लावली आणि काही झुरके घेतले. शाही हकीम अस्वस्थ झाला व त्याने अधिक ओढू नये म्हणून विनवले. या वनस्पतीचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाही, तिचे गुणदोष पारखलेले नाहीत, ही हकिमाची हरकत होती. त्यावर असद बेगचे म्हणणे असे की, जगातला प्रत्येक रिवाज केव्हातरी नवाच होता, आणि फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत. बादशहानेही, केवळ आपल्या पोथीत नाही म्हणून परक्या शहाण्यांनी स्वीकारलेली वस्तू टाकू नये, असे म्हणून सरदाराचीच बाजू उचलून धरली.

या प्रसंगाचा शेवट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट लक्षात ठेवावा असा आहे. अकबराने तंबाखूची सवय लावून घेतली नाही. त्याचे ‘एकदा’ हे खरोखरच एकदा राहिले. त्याला काहीही झाले नाही. परंतु दरबारातील अमीर-उमरावांनी तंबाखू मागून घेतली, मागणी दिसताच व्यापाऱ्यांनी ती विकावयास आणली, आणि पाहता पाहता रिवाज पसरला. १६१७ मध्ये, म्हणजे अवघ्या बारा-तेरा वर्षांत, जहांगीराला तंबाखूबंदीचे फर्मान काढावे लागले. ते फर्मान विरले, तंबाखू राहिली. बादशहाच्या कुतूहलाची किंमत बादशहाने मोजली नाही, ती प्रजेने मोजली.

सिगार निराळा आहे काय?

सिगार सिगारेटइतका घातक नाही, कारण त्याचा धूर छातीत घ्यावा लागत नाही, असे त्याचे चाहते सांगतात. यात अर्धे सत्य आहे. सिगारची पाने सावलीत, वाऱ्यावर वाळवून महिनोन्‌महिने आंबवली जातात. त्यामुळे त्याचा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. सिगारेटची तंबाखू कृत्रिम उष्णतेने वाळवतात. तिचा धूर आम्लधर्मी असल्याने निकोटिन मिळण्यासाठी तो फुप्फुसांत ओढावाच लागतो. म्हणजे सिगारमध्ये धूर आत घेण्याची गरज नसते, याचा अर्थ विष आत जात नाही असा नव्हे. शिवाय सिगारेटमध्ये एक ग्रॅमहूनही कमी तंबाखू असते, तर मोठ्या सिगारमध्ये एका संपूर्ण पाकिटाइतकी असू शकते आणि तो तास-दीड तास जळत राहतो. अननुभवी माणसाला पहिल्या सिगारनंतर घेरी, मळमळ आणि घाम यांचा जो प्रसाद मिळतो, तो निकोटिनच्या सौम्य विषबाधेचाच असतो. नियमित सिगार ओढणाऱ्यांना तोंड, घसा, अन्ननलिका व फुप्फुस यांचा कर्करोग होतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सविस्तर अहवालाने मांडले. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याला १९२३ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गाठले. तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्याचा सिगार सुटला नाही. आणि ज्याच्या दाढीइतकाच ज्याचा सिगार प्रसिद्ध होता, त्या फिडेल कॅस्ट्रोने १९८५ मध्ये सिगार कायमचा सोडला. ज्या देशाची कीर्ती सिगारवर उभी, त्याच्याच प्रमुखाची ही साक्ष आहे.

पहिल्याच वेळी इतका त्रास देणारी वस्तू माणूस दुसऱ्यांदा का घेतो? आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या आपल्या ‘अर्थशास्त्राची तत्त्वे’ या ग्रंथात घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त मांडतानाच एक सावधगिरीची सूचना दिली होती. उत्तम संगीत जितके ऐकावे तितकी त्याची गोडी वाढते, आणि मद्यपानासारखे व्यसनही स्वतःवरच पोसले जाते. आंब्याची चौथी फोड पहिलीपेक्षा कमी समाधान देते. तंबाखूचा चौथा झुरका पहिल्यापेक्षा अधिक. अशा वस्तूंच्या बाबतीत पहिला नग हा इतर नगांसारखा नसतो. तो उपभोग नव्हे, ती भांडवली गुंतवणूक असते. फक्त तिचा नफा विकणाऱ्याच्या खात्यात जमा होतो.

प्रतिष्ठेचा धूर

तंबाखूच्या प्रकारांत जातिव्यवस्था आहे, आणि ती आपण सर्वांनी मान्य केलेली आहे. विडी ओढणारा तो मजूर, सिगारेट ओढणारा तो बाबू आणि सिगार ओढणारा तो साहेब. चर्चिलच्या हातातला सिगार धैर्याचे चिन्ह ठरला. आपल्याकडे बाळासाहेब ठाकरे यांच्या हातातला सिगार कित्येकांना रुबाबाचा भाग वाटत असे. थोर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ मध्ये ज्याला दिखाऊ उपभोग म्हटले, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. तो ओढण्यासाठी जितका असतो, तितकाच दिसण्यासाठी असतो.

गंमत अशी की, नावाच्या उगमाने ही प्रतिष्ठा टिकत नाही. आपण ज्याला चिरूट म्हणतो, तो शब्द तमिळ ‘सुरुट्टु’वरून, म्हणजे गुंडाळी या अर्थाच्या शब्दावरून आला. इंग्रजांनी त्रिचनापल्लीचे चिरूट ओढले आणि तो शब्दही उचलला. पान गुंडाळणे हीच सिगारचीही कृती आणि विडीचीही. आपल्या संसदेने हे सत्य बरोबर ओळखले होते. १९६६ मध्ये केलेल्या कामगार कायद्याच्या नावातच विडी व सिगार शेजारी शेजारी बसवले होते. सोलापूर, सिन्नर, कामठी येथील घराघरांत मांडीवर सूप घेऊन टेंभुर्णीची पाने कातरणाऱ्या बायका आणि क्यूबाचा सिगार वळणारा कारागीर हे एकाच धंद्यातले. फरक आहे तो वळणाऱ्याच्या हातात नसून ओढणाऱ्याच्या खिशात आहे.

किंमत कोण मोजतो?

आता पुन्हा बोरीकडे येऊ. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर चघळण्याची किंवा लावण्याची तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न सिगारचा नाहीच, असे कोणी म्हणेल. आकड्यांपुरते ते खरे आहे. परंतु ज्या घरात मास्तर किंवा कारकून परदेशी सिगार ‘गंमत म्हणून’ ओढतो, त्या घरातील किंवा त्या शाळेतील मुलाला परदेशी सिगार परवडत नाही. त्याला परवडते ती पुडी. तंबाखूची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत मिसरूड फुटण्याच्या वयातच होते. त्या वयातला मुलगा ‘गुरुजींनी फक्त एकदा ओढला’ हा तपशील लक्षात ठेवत नाही. ‘गुरुजींनी ओढला’ एवढेच लक्षात ठेवतो.

त्याचा हिशोब साधा आहे. रोज वीस रुपये तंबाखूवर जातात असे धरले, तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. कोरडवाहू शेतीवर आणि रोजंदारीवर चालणाऱ्या कुटुंबात ही रक्कम दुधातून, वह्यांतून किंवा औषधातून कापली जाते. आणि ही झाली केवळ रोख किंमत. भारतातील मृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासातून २००८ मध्ये असे दिसले की, विडी ओढणारे पुरुष सरासरी सहा वर्षे व सिगारेट ओढणारे दहा वर्षे आयुष्य गमावतात. विडी ओढणाऱ्या स्त्रिया आठ वर्षे. टेंभुर्णीचे पान सतत ओढत न राहिल्यास विझते, म्हणून विडी ओढणाऱ्याला झुरकेही अधिक घ्यावे लागतात. गरिबाची विडी आकाराने लहान असते, उपद्रवाने नव्हे.

शासनाचे धोरण याबाबत सरळ नाही. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, २००८ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक झालेले नियम आणि २०१२ मधील महाराष्ट्राची गुटखाबंदी ही पावले योग्यच होती. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असाही नियम आहे. तो किती पाळला जातो हे प्रत्येक शिक्षकाने फाटकाबाहेर पाहून स्वतःच ठरवावे. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेट, सिगार व गुटख्यासाठी ४० टक्क्यांचा दर ठरवताना विडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. विडी कामगार स्त्रियांच्या रोजगाराचे कारण त्यामागे आहे आणि ते खोटे नाही. परंतु एका गरिबाची रोजी राखण्यासाठी दुसऱ्या गरिबाचे मरण स्वस्त करणे हे अर्थशास्त्र नव्हे. त्या स्त्रियांना पर्यायी काम देणे कठीण आहे, म्हणून ते टाळले जाते, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा ‘एकाने काय होतंय’ या प्रश्नाचे उत्तर असे की, ओढणाऱ्याला बहुधा काहीच होत नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे. ज्याला काही होत नाही त्याचे उदाहरण सर्वांत मोहक असते. आजन्म निर्व्यसनी माणसाजवळ जी पत साठलेली असते, ती त्याची एकट्याची ठेव नसते. घरातील, वर्गातील आणि गावातील पोरांनी नकळत तिच्यावर हुंडी काढलेली असते. ती तासाभराच्या धुरात मोडावयाची की नाही, एवढाच व्यवहार आहे.

यासाठी कोणी सोवळे पाळावे असे नाही. लग्नाच्या मांडवात पानसुपारीच्या तबकातून तंबाखू तेवढी वगळावी, पाहुण्याने पुढे केलेली डबी हसून परत करावी, दुकानाला पोराला पाठवून पुडी मागवू नये. ही सारी कामे बिनखर्चाची आहेत, आणि त्यांना कोणत्याही परिषदेची मंजुरी लागत नाही. अकबराच्या दरबारात हकिमाची हरकत होती ती ग्रंथात उल्लेख नाही म्हणून. आज ग्रंथांत सगळे लिहिलेले आहे. चारशे वर्षांपूर्वी बादशहाला जी सबब होती, ती आज बोरीच्या मास्तरालाही उरलेली नाही.