बाजूच्या टेबलावरची पारितोषिक-विजेती

बोलपट पाहून घरी परतताना चर्चा होते ती नायक-नायिकेची. पण आठ दिवसांनी डोळ्यांपुढे उभे राहते ते पुष्कळदा एखादे दुय्यम पात्रच. ‘गॉन विथ द विंड’ ज्यांनी पाहिला, त्यांना हट्टी स्कार्लेटला धाकात ठेवणारी दाई मॅमी विसरणे शक्य नाही. ती भूमिका हॅटी मॅक्डॅनियल हिची.

हॅटीचे वडील जन्माने गुलाम. पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले. हॅटी कॅन्ससमधील विचिटा येथे जन्मली, डेन्व्हरला वाढली आणि फिरत्या मंडळ्यांतून गाऊ लागली. १९३१ साली लॉस एंजेलिसला आल्यावर, हाती काम नसे तेव्हा ती लोकांच्या घरी धुणीभांडी करी. पडद्यावरही तिच्या वाट्याला बहुधा मोलकरणीच आल्या.

डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा येथे ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ थाटात झाला. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे हॅटीला तेथे जाता आले नाही. २९ फेब्रुवारी १९४० रोजी दुय्यम अभिनेत्रीचे ऑस्कर तिने मिळवले. हा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. परंतु त्या समारंभात ती बसली होती सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलाशी. पंगतीतला भेद म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणी कोणाला समजावून सांगायला नको!

मोलकरणीच्या भूमिका पत्करल्याबद्दल कृष्णवर्णीयांच्या पुढाऱ्यांनीही तिला बोल लावले. पण हीच बाई स्वतःच्या घरासाठी न्यायालयात ठाम उभी राहिली. लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स भागातील घरे कृष्णवर्णीयांना विकू नयेत, अशा खरेदीखतांतील अटी पुढे करून गोऱ्या शेजाऱ्यांनी तिच्यावर व इतर कृष्णवर्णीय घरमालकांवर दावा लावला होता. डिसेंबर १९४५ मध्ये तो फेटाळला गेला. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयानेही अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय दिला.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी हॅटी वारली. हॉलिवूडच्या स्मशानभूमीत आपले दफन व्हावे, ही तिची इच्छा होती. तीही वर्णामुळे नाकारली गेली. १९९९ साली तेथे तिचे स्मारक उभे राहिले. तिने हॉवर्ड विद्यापीठाला दिलेले पारितोषिक पुढे गहाळ झाले. त्याच्या जागी अकादमीने २०२३ साली नवे दिले.

पडद्यावर तिने आयुष्यभर दुसऱ्यांची घरे सांभाळली. स्वतःच्या घराचा उंबरठा मात्र तिने कोणाला ओलांडू दिला नाही.