अनेक ब्रुअर, एकच केटल

लहान प्रमाणावर, ब्रुअरच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारागिराच्या, थेट देखरेखीखाली आणि स्वतःच्या पाककृतीनुसार तयार होणाऱ्या बिअरला क्राफ्ट बिअर म्हणतात, आणि ती बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला मायक्रोब्रुअरी. महाराष्ट्रात या व्यवसायाची सुरुवात २००९ मध्ये पुण्यात डूलालीने केली. मुंबईत २०१३ मध्ये लोअर परळला बार्किंग डियर सुरू झाले, त्यानंतर गेटवे ब्रुइंग कंपनीची बिअर डोंबिवलीहून शहरातील मद्यगृहांत येऊ लागली, आणि २०१५ मध्ये डूलालीने अंधेरी पश्चिमेला दालिया औद्योगिक वसाहतीत आपले टॅपरूम, म्हणजे नळावरची ताजी बिअर देणारे मद्यगृह, उघडले. त्याच सुमारास ब्रूबॉट अंधेरीतच उभे राहिले, आणि पुढे पुण्याच्या मुंढव्यातील इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनीही तेथे आली. या सान्निध्यामुळे निरनिराळ्या ब्रुअरांच्या बिअरी एकाच छताखाली मांडणारे महोत्सव उपनगरात रुजू शकले.

अशा महोत्सवामागे हौसेइतकाच कायद्याचा वाटा आहे. महाराष्ट्रातील मायक्रोब्रुअरीला आपली बिअर केगमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या पोलादी पिंपात, भरून दुसऱ्या परवानाधारक मद्यगृहाला पुरवता येते. बंगळुरूच्या मायक्रोब्रुअरींवर मात्र आपल्याच आवारात विक्री करण्याचे बंधन राहिले. तेथे बिअरचा नावलौकिक मोठा असूनही एका ब्रुअरची बिअर दुसऱ्याच्या नळावर येणे अवघड होते, तर डोंबिवलीची केग अंधेरीत आणि पुण्याची केग कुलाब्यात पोहोचणे येथे नित्याचे झाले. कुलाब्यात सुरू होऊन अंधेरीतही शाखा काढलेल्या वुडसाइड इन या मद्यगृहाचा बिअर आणि बर्गर महोत्सव याच सोयीवर उभा राहिला. या वाहतुकीत जोखीमही असते, कारण कारखान्यातील बाटलीबंद बिअर उष्णता देऊन टिकाऊ केलेली असते, पण क्राफ्ट बिअर बहुधा तशी नसते, आणि मुंबईच्या दमट उकाड्यात केग काही तास जरी थंडाव्याबाहेर राहिली तरी तिची चव उतरू लागते.

बिअरी शेजारी शेजारी मांडणे आणि बिअर एकत्र बनवणे यांत मात्र फरक आहे, आणि महोत्सवाचे खरे मोल दुसऱ्या प्रकारात आहे. सहयोगी बिअरसाठी एक ब्रुअर दुसऱ्याच्या कारखान्यात जातो. परवाना आणि उत्पादन शुल्काची जबाबदारी यजमानाची असते, पाककृती दोघांची. मोड आणून वाळवलेले सातू, ज्याला माल्ट म्हणतात, भरडून सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवले जाते, तेव्हा दाण्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड अर्क, म्हणजे वॉर्ट, केटल नावाच्या मोठ्या भांड्यात उकळताना त्यात हॉप्स या वेलीची सुगंधी, कडसर फुले पडतात, आणि तो गार झाल्यावर यीस्ट त्यातील साखरेचे अल्कोहोल करते. माल्ट किती अंशांवर भिजवायचे, हॉप्स केव्हा टाकायचे, कोणते यीस्ट वापरायचे, अशा प्रत्येक पायरीवर दोन कारागिरांच्या सवयी समोरासमोर येतात, आणि एरवी गुपित राहणारे ज्ञान आपसूक वाटले जाते. अमेरिकेत एव्हरी आणि रशियन रिव्हर या दोन ब्रुअरींच्या बिअरींचे नाव एकच निघाले, तेव्हा त्यांनी कोर्टाची पायरी न चढता २००६ मध्ये दोन्ही बिअरी मिसळून नवी बिअर बाजारात आणली. सहकार्याचा तो दाखला आजही दिला जातो.

महाराष्ट्रातील ब्रुअरांकडे वाटून घेण्यासारखे पुष्कळ आहे. हॉप्स बहुतांशी परदेशातून येतात, पण कोकम, हापूस, ज्वारी आणि नाचणी येथलीच आहेत. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ घालून केलेली बिअर या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. जर्मनीत गोझ नावाची आंबट-खारट गव्हाची बिअर जुन्या काळापासून बनते, आणि तिच्या जवळची चव कोकणच्या फळाने साधावी, ही कल्पना मोलाची आहे. फिकट लालसर रंगाचा असा पेला नाकाशी नेला की आधी फळाचा आंबट वास येतो, मीठ जिभेच्या कडांवर उशिरा उमटते, आणि घोट गिळल्यावर तोंड कोरडे न पडता पाणावते. ज्वारी-नाचणीवर मात्र अजून पुष्कळ काम व्हायला हवे, कारण या धान्यांतील पिष्टाची साखर करणारी विकरे (एन्झाइम) सातूतल्यापेक्षा दुबळी असतात, आणि हा प्रश्न एकट्या ब्रुअरपेक्षा चार जणांनी मिळून सोडवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

अंधेरीतील अशा महोत्सवाला घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीहून येणाऱ्याने गाडी घरी ठेवून लोकल किंवा मेट्रोने यावे; घाटकोपर ते वर्सोवा ही मेट्रो २०१४ पासून अंधेरीवरून जाते. राज्यात बिअरसाठी किमान वय २१ वर्षे आहे आणि कायद्याने परवानाही लागतो, म्हणून ओळखपत्र जवळ असावे. पेले लहान मागावेत, फिकट गव्हाच्या बिअरपासून आरंभ करून हॉप्सने कडू झालेल्या आयपीए प्रकारच्या बिअरकडे आणि शेवटी भाजलेल्या माल्टच्या काळ्या स्टाउटकडे जावे, कारण कडवटपणा एकदा जिभेवर बसला की नाजूक चव कळत नाही. दोन पेल्यांमध्ये पाणी प्यावे आणि पोटात काहीतरी असू द्यावे. नळाजवळ ब्रुअर उभा असल्यास ही बिअर कोणाच्या केटलमध्ये, कोणाबरोबर आणि केव्हा शिजली, हे जरूर विचारावे. आपल्या कामाबद्दल बोलायला बहुतेक ब्रुअरांना आवडते.