ताण वाढे तशी पकड



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून काही मंडळी बुचकळ्यात पडली असतील. याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारणावरचे वादही ऐकता. आणि आज एक मनुष्य उभा राहून सांगणार, की जड तारेला धरायचे कसे! विषय किरकोळ वाटेल. परंतु अंबाजोगाईहून परळीच्या वाटेला लागले की दोन्ही अंगांनी मनोऱ्यांच्या रांगा दिसू लागतात, आणि त्यांच्यावरून जाडजूड तारा एका डोंगराकडून दुसऱ्या डोंगराकडे गेलेल्या दिसतात. या तारा तिथे चढल्या कशा, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला असेल? मनोरा उभा राहताना लोक पाहतात. तार चढताना फारसे कोणी पाहत नाही.

परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच 1971 साली चालू झाला. तो अवघा 30 मेगावॅटचा होता. पुढे 210 आणि 250 मेगावॅटचे संच आले, तशी तिथून निघणाऱ्या वाहिन्यांची जाडी वाढली. 2018 साली परळीच्या शिवारात 765 किलोव्होल्टच्या वाहिन्याही येऊन पोहोचल्या. या तारांना नावे मोठी गमतीची आहेत. इंग्रजांच्या काळापासून ती जनावरांवरून पडली आहेत. गावातल्या खांबांवर ‘वीझल’ किंवा ‘रॅबिट’, त्याहून मोठ्या वाहिनीवर ‘डॉग’, 132 किलोव्होल्टला ‘पँथर’, 220 ला ‘झेब्रा’ आणि 400 ला ‘मूस’, म्हणजे उत्तरेकडच्या थंड देशांतले ते प्रचंड सांबर. असा हा सशापासून सांबरापर्यंतचा कळप आपल्या डोक्यावरून रोज जात असतो.

आता या ‘मूस’ तारेचेच उदाहरण घेऊ. तिची जाडी 31.77 मिलिमीटर, म्हणजे साधारण कुऱ्हाडीच्या दांड्याएवढी. पोटात पोलादाच्या सात तारा आणि त्यांच्याभोवती पीळ देऊन बसविलेल्या अॅल्युमिनियमच्या चोपन्न तारा. वजन मीटरला दोन किलो. दोन मनोऱ्यांमधले अंतर 400 मीटर धरले, तर मधल्या तारेचे वजन आठशे किलो झाले. आपण म्हणाल, आठशे किलो म्हणजे काय, बैलगाडीभर ऊस! पण इथेच फसगत होते. तारेला धरून ठेवायला आठशे किलोचे बळ पुरत नाही.

अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आपण बांधतो, तेव्हा काय होते ते आठवा. ओले धोतर टाकले की दोरीला झोळ पडतो. झोळ नको म्हणून दोरी जितकी ताठ ओढावी, तितका खुंटीवरचा भार वाढतो. आणि दोरी अगदी सरळ करायची म्हटले, तर कोणतीच खुंटी टिकणार नाही. तारेचेही तेच. झोळ फार ठेवला तर तार जमिनीजवळ येते आणि खालून कडब्याची गाडी जाणे धोक्याचे होते. म्हणून ताण द्यावा लागतो. ‘मूस’ तार सोळा हजार किलोंच्या पुढे तुटते. नेहमीच्या हवेत तिच्यावर त्याच्या सुमारे बावीस टक्के, म्हणजे छत्तीसशे किलो ताण ठेवतात. हिशेब केला तर मधोमध झोळ भरतो सुमारे अकरा मीटर, आणि ताण भरतो तारेच्या वजनाच्या साडेचारपट. हा ताण रात्रंदिवस असतो. 2013 साली पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. तेव्हा तिथे वीज निर्माण होत नव्हती, परंतु मनोऱ्यांवरचा ताण काही सुटीवर गेला नव्हता.

तर मुद्दा असा : छत्तीसशे किलोंनी ओढली जाणारी, बाहेरून मऊ असलेली तार पकडायची कशी?

पहिला विचार मनात येतो तो फासाचा. उसाच्या मोळीला आपण फास टाकतो, ओढला की आवळतो, मोळी सुटत नाही. तारेला तसा फास टाकून पाहा. सगळे बळ एका बोटाच्या रुंदीत येते. अॅल्युमिनियम चेपते, वरचे पदर तुटतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे वरचे पदर मागे सरकून फुगतात आणि तारेचा पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा फुगा होतो. असा पिंजरा झालेला तुकडा कापूनच टाकावा लागतो. नुसता ओरखडाही महागात पडतो, कारण उच्च दाबाच्या तारेवर खरबरीत जागा असली की तिथे भोवतालची हवा वीज झिरपू देते. रात्री सरसर आवाज येतो, रेडिओत खरखर होते. म्हणूनच मोठ्या वाहिनीची तार जमिनीवरून फरफटत नेत नाहीत. एका टोकाला ओढणारे यंत्र आणि दुसऱ्या टोकाला मागे धरणारे यंत्र ठेवून, मनोऱ्यांवर टांगलेल्या कप्प्यांवरून तिला अधांतरीच पुढे नेतात.

तेव्हा पकड हवी ती दोन गुणांची. घट्ट हवी, आणि इजा न करणारी हवी. हे दोन्ही गुण एकत्र आणणारी वस्तू दिसायला अगदी साधी आहे. पोलादी तारांची विणलेली, लांबट, पोकळ अशी ती जाळी असते. एका टोकाला ओढदोर अडकविण्याचा डोळा आणि दुसरे टोक उघडे. आमचे कामगार तिला स्टॉकिंग म्हणतात. आपण मोजा म्हणू, कारण तारेचे टोक तिच्यात पायासारखेच घालायचे असते.

हा मोजा पकडतो कसा, हे सांगण्याऐवजी आपणच करून पाहा. खिशातला हातरुमाल काढा. त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. रुमाल लांब झाला आणि मधोमध अरुंद झाला. आता बाजूच्या काठांना समांतर, सरळ ओढून पाहा; तसे होत नाही. वीण तिरपी असली की प्रत्येक चौकोन ओढीबरोबर लांबतो आणि आडव्या अंगाने मिटतो. बाजेच्या विणीतले तिरपे चौकोनही असेच मिटतात. अशी तिरपी वीण नळीसारखी गोल केली आणि आत तार घातली, तर ओढले की नळी आकसते आणि तार आवळली जाते. जास्त ओढा, जास्त आवळते. बळ एका जागी न पडता मोज्याच्या साऱ्या लांबीवर वाटले जाते, म्हणून मऊ अॅल्युमिनियमलाही ते सोसते. फासाचा गुण तोच, परंतु बोटभर जागेऐवजी हातभर लांबीवर पसरलेला.

हा मोजा बाजारात रूढ करण्यात एका बाईंचा मोठा वाटा आहे. व्हिव्हियन केलेम्स या अमेरिकन बाईंनी आपल्या भावाने काढलेल्या अशा पकडीचा कारखाना 1927 साली सुरू केला. आजही पुष्कळ ठिकाणी या मोज्याला त्यांच्याच आडनावाने ओळखतात. बाई मोठ्या करारी. कामगारांच्या पगारातून कर कापून सरकारात भरणे हे आपले काम नव्हे, असे म्हणून 1948 साली त्यांनी तो कापायलाच नकार दिला आणि सरकारशी भांडण मांडले. त्यांनी धरलेली गोष्टही ओढीबरोबर घट्टच होत असावी!

आता थोडे खोलात जाऊ. ओढीबरोबर पकड वाढते, हे खरे. पण वाढते कोणत्या हिशेबाने? खुंट्याला दोर गुंडाळून जड ओझे खाली सोडताना आपण पाहिले असेल. एका वेढ्याने काम सोपे होते, दोन वेढ्यांनी पोरही धरू शकते. दोर आणि खुंटा यांतले घर्षण बेताचे धरले, तर एका वेढ्याने ओझे सुमारे साडेसहापट, दोन वेढ्यांनी त्रेचाळीसपट आणि तीन वेढ्यांनी दोनशे पंच्याऐंशीपट तोलले जाते. हातात पाच किलोंचा ताण धरला, तर दोन वेढ्यांपलीकडे सव्वादोनशे किलोंच्या आसपास ओझे थांबते. इथे बेरीज नसते, गुणाकार असतो. मोज्यातही असाच गुणाकार चालतो. उघड्या शेपटाकडे ताण अगदी थोडा असतो, आणि तिथून डोळ्याकडे येताना प्रत्येक वितीगणिक तो पटींनी वाढत जातो.

परंतु गुणाकाराची एक खोड आपण शाळेपासून जाणतो. शून्याला त्रेचाळीसने गुणले तरी शून्यच. खुंट्याचे दोन वेढे तसेच ठेवून हातातले टोक सोडून द्या, ओझे धाडकन खाली जाईल. मोज्याचे शेपूट सैल असले तर तेच होते. म्हणून मोजा चढवल्यावर तो डोळ्याकडून शेपटाकडे हाताने चोळत, ताणत, अंगालगत बसवायचा, आणि शेपटावर मऊ तारेचे किंवा पट्टीचे चार-सहा घट्ट वेढे द्यायचे. या बंधनाला स्वतः फारसे ओझे पेलायचे नसते. गुणाकाराला पहिला आकडा पुरवणे एवढेच त्याचे काम. शिवाय सैल शेपूट कप्पीच्या कडेला अडकले, तर मोजा मागून उलगडत जातो, तोही धोका टळतो. हजारो किलोंच्या ओढीचे हे सारे प्रकरण शेवटी पैशा-दोन पैशांच्या बांधणीच्या तारेवर येऊन ठेपते, हे नवख्या माणसाला पटतच नाही.

मलाही पटले नव्हते. माझ्या उमेदवारीच्या दिवसांतली गोष्ट. जागा आणि खाते सांगत नाही. एका उंच मनोऱ्यावर संदेशवहनाची केबल चढवीत होतो. केबल निम्म्याच्या वर गेली आणि जेवणाची सुटी झाली. केबल एका आडव्या कोनावर टेकवून दोर सैल सोडला. सकाळी घाईत शेपटाची बांधणी राहिली होती. राहिली म्हणजे माझ्याच हातून राहिली. सैल पडताच मोजा फुगला असणार. जेवण करून आलो, दोराला हिसका दिला, आणि वर गेला तो रिकामा मोजा, सापाची कात निघावी तसा. केबल सळसळत खाली आली. ती वळवायला जो गडी रोज खाली उभा राहत असे, तो तांब्या विसळायला बाजूला गेला होता. मुकादम मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी मोजा उचलून नीट पाहिला, पुन्हा चढवला, शेपटावर बांधणीच्या तारेचे आठ वेढे दिले, आणि प्रत्येक वेढा मला मोजायला लावला.

ताण असेतो मोजा विश्वासू असतो. तो धोका देतो ते ताण सुटल्यावर. हे एक वाक्य कामावरच्या पोरांना कितीही वेळा सांगितले तरी पुन्हा सांगावे लागते.

संदेशवहनाच्या केबलचा विषय निघालाच आहे, तर तिची अडचण वेगळी आहे तीही सांगतो. रेडिओचे, दूरदर्शनचे किंवा मोबाइलचे मनोरे असतात, त्यांवरची जाड केबल आतून पोकळ किंवा फेसाने भरलेली असते; मध्ये एक तांब्याचा गाभा आणि बाहेर तांब्याची नळी. या दोहोंमधले अंतर सगळीकडे सारखे असेल तरच लहरी सुखरूप वर जातात. पकडीने नळी जराशी चेपली, तर त्या जागेवरून लहरींचा काही भाग माघारी फिरतो. म्हणजे इथे केबल न तुटताही नासते, आणि नासली हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून उंच मनोऱ्यावर एकाच मोज्यावर सगळी केबल लोंबकळत ठेवीत नाहीत. साठ-साठ मीटरवर एकेक मोजा घालतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आपल्या खालचाच तुकडा येतो. इथला मोजा बाजूने उघडा, लेसने विणून बंद करायचा असतो, कारण केबलच्या मध्यावर तो टोकाकडून सरकवीत आणायचा कसा? ओढण्याच्या मोज्याला कामाच्या भारापेक्षा पाचपट आणि कायम टांगून ठेवण्याच्या मोज्याला दहापट मजबुती धरण्याची रीत आहे. वर्षानुवर्षे लोंबणाऱ्या वस्तूवर दुप्पट अविश्वास दाखवलेला बरा.

मोज्याचा एक सोबती सांगायचा राहिला. पीळ दिलेली तार ताणली की उलगडू पाहते, आणि ओढदोरही आपल्या परीने फिरतो. दोघे एकमेकांना घट्ट जोडले, तर कुठेतरी आळे पडते आणि तार मोडते. म्हणून मधे एक फिरकी बसवतात, ज्याला स्विव्हल म्हणतात. बैलाच्या साखळीत मधे फिरती कडी असते, तीच युक्ती.

तार जागेवर पोहोचली की मोज्याचे काम संपते. अखेरचा पूर्ण ताण देताना दुसरी पकड लागते, तिला कम-अलाँग म्हणतात. तिच्या जबड्यांत तारेच्या मापाची खोबण असते आणि ओढीचे कडे एका तरफेला जोडलेले असते. ओढ वाढली की तरफ जबडे मिटवते. तत्त्व मोज्याचेच, पण जबडा आखूड, म्हणून खोबणीचे माप चुकवून चालत नाही. ‘झेब्रा’चा जबडा ‘मूस’ला लावला तर तो चावतो, आणि ‘मूस’चा ‘झेब्रा’ला लावला तर तो सोडतो. मनोऱ्यावर दोन्ही सारखेच वाईट.

आणि शेवटी मोजा काढायचा. नवा गडी डोळा धरून जोराने ओढतो. मोजा निघत नाही, उलट अधिकच बसतो, आणि भोवतालची मंडळी हसतात. शेपटाची बांधणी कापायची, डोळ्याकडचा भाग शेपटाकडे ढकलायचा. चौकोन उघडतात, मोजा फुगतो आणि अलगद हातात येतो. मग तो उजेडात धरून बोटांनी चाचपायचा. विणीतली तार तुटून टोचू लागली असेल, तर तो मोजा पुन्हा पेटीत ठेवायचा नाही.