ऑनलाइन विक्रेता आणि चार्जबॅक : ओटीपीने काय वाचते, काय वाचत नाही

जबलपूरजवळच्या भेडाघाटला संगमरवरी मूर्ती घडवून विकण्याचा व्यवसाय चालतो. समजा, तिथल्या एका विक्रेत्याने स्वतःची वेबसाइट काढली आणि १८,००० रुपयांची गणेशमूर्ती कार्डाने पैसे घेऊन पाठवली. मूर्ती पोहोचली, पैसेही खात्यात आले. अडीच महिन्यांनी पेमेंट ॲग्रिगेटरकडून ईमेल येतो : ग्राहकाने व्यवहार नाकारला आहे, तेवढी रक्कम रोखली आहे, अमुक तारखेच्या आत पुरावे द्या. याला चार्जबॅक म्हणतात. विक्रेता हरला तर मूर्ती जाते, पैसे जातात, कुरिअरचा खर्च जातो, आणि वर दावा हाताळण्याचे शुल्कही बहुधा त्याच्याच माथी येते.

ग्राहक तक्रार करतो ती आपल्या, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडे. तिथून ती व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे या नेटवर्कमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे आणि ॲग्रिगेटरकडे येते. व्हिसाच्या नियमांत बहुतेक तक्रारींना १२० दिवसांची मुदत आहे. म्हणून माल पोहोचला की कागद टाकून देणे परवडत नाही. उत्तरासाठी विक्रेत्याच्या हाती मात्र थोडेच दिवस उरतात.

‘आमच्याकडे ओटीपी लागतो, मग फसवणूक कशी होईल?’ हा प्रश्न नेहमी येतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून भारतीय कार्डांच्या ऑनलाइन व्यवहारांना पडताळणीची दुसरी पायरी सक्तीची केली. नेटवर्कच्या नियमांनुसार अशी पडताळणी झाली असेल, तर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ या तक्रारीची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. ओटीपीचे संरक्षण एवढेच. ‘माल मिळाला नाही’, ‘तुटका मिळाला’, ‘चित्रातल्यासारखा नाही’ या तक्रारींपुढे ओटीपी निरुपयोगी आहे. तिथे विक्रेत्याचे दप्तरच कामी येते.

परदेशात दिलेल्या कार्डांना २००९ ची ती सक्ती लागू नव्हती. अमेरिकेतल्या कार्डावरून मोठी मागणी आली आणि पत्ता भारतातला असला, तर ती नातेवाइकाला पाठवलेली भेटही असेल किंवा चोरलेले कार्डही असेल. अशा कार्डांसाठीही थ्री-डी सिक्युअर पडताळणी मागण्याची सोय गेटवेत आहे का, हे आधी विचारून घ्यावे. पडताळणी झालेली नसेल तर फोन करून खात्री होईपर्यंत माल रोखावा. एकाच पत्त्यावर चार-पाच वेगवेगळी कार्डे, आधी फसलेले अनेक प्रयत्न, पैसे भरताच पत्ता बदलण्याची घाई, ही चिन्हे दिसली तरी थांबावे.

आता दप्तराकडे. संगमरवराचे उदाहरण इथे चांगले, कारण दगड वाटेत तुटतो आणि दोन तुकड्यांच्या शिरा कधी सारख्या नसतात. शिरा व रंगात फरक पडेल हे वस्तूच्या पानावरच लिहावे. बांधणी करताना ऑर्डर क्रमांक दिसेल असे फोटो घ्यावेत. कुरिअरच्या पावतीवरचे वजन, पोहोच आणि सही, ग्राहकाशी झालेला संवाद, खरेदीच्या वेळचा आयपी पत्ता हे सारे निदान वर्षभर जपावे. व्हिसाच्या एप्रिल २०२३ पासूनच्या नियमाने जुन्या ग्राहकाच्या बाबतीत या नोंदींचे मोल वाढले आहे : त्याच कार्डावरचे आधीचे दोन निर्विवाद व्यवहार आयपी पत्ता किंवा उपकरण यांसारख्या नोंदींनी जुळले, तर ‘मी केलाच नाही’ हा दावा खोडता येतो. ते व्यवहार निदान १२० दिवस जुने असावे लागतात. कार्डाचा क्रमांक मात्र जपायचा नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला तो साठवता येत नाही, फक्त शेवटचे चार अंक ठेवता येतात.

पुष्कळ दावे फसवणुकीचे नसतातच. स्टेटमेंटवर दुकानाऐवजी मालकाच्या फर्मचे अनोळखी नाव दिसते, फोन कोणी उचलत नाही, आणि ग्राहक बँकेकडे जातो. नाव ॲग्रिगेटरकडून दुरुस्त करून घेणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. ते पाळले तरी बरेच दावे उगवत नाहीत. संख्येलाही महत्त्व आहे. महिन्यात निदान १०० चार्जबॅक आणि दीड टक्का प्रमाण झाले, की मास्टरकार्ड त्या विक्रेत्याला देखरेखीखाली घेते. छोट्या विक्रेत्याला ॲग्रिगेटर त्याच्या कितीतरी आधी हटकतो.

परतफेडीत एक डाव नेहमीचा आहे. ग्राहक म्हणतो, ‘ऑर्डर रद्द करा, पण पैसे कार्डावर नको, या यूपीआयवर टाका.’ पुढे त्याच व्यवहारावर चार्जबॅक येतो आणि रक्कम दोनदा जाते. परतफेड ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर करावी. चार्जबॅक आधीच दाखल झाला असेल, तर वेगळी परतफेड करूच नये; ॲग्रिगेटरच्या पोर्टलवर दावा मान्य करावा, म्हणजे रक्कम एकदाच वळती होते.