मावळतीची मुंबई आणि एकटा पादचारी

मुंबईसारखें मोठें शहर पाहावयाचें तर तें दिवसाच्या कोणत्या वेळीं पाहावें, याचा विचार प्रवासवर्णनें लिहिणारे क्वचितच करतात. इमारतींचीं नांवें, त्यांच्या बांधणीचीं वर्षें व जाण्यायेण्याचे मार्ग सांगितले कीं त्यांचें काम संपतें. परंतु तीच इमारत दुपारीं दोन वाजतां पाहणें आणि सूर्यास्तापूर्वीं अर्धा तास पाहणें यांत इतकें अंतर आहे कीं, दुपारीं पाहणाऱ्यानें ती पाहिलीच नाहीं असें म्हणावें लागतें. शिवाय ही वेळ मुंबईंत फार थोडी टिकते. विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर हें शहर वसलेलें असल्यामुळें येथें सूर्य क्षितिजाकडे तिरका रेंगाळत न जातां बराचसा सरळ खालीं उतरतो. बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत अवघीं सव्वादोन-अडीच मिनिटें लागतात, आणि त्यानंतर बाहेर सहज वावरतां येईल इतका उजेड एकवीस ते पंचवीस मिनिटेंच राहतो. लंडनमध्यें जून महिन्यांत हाच संधिप्रकाश जवळजवळ दुप्पट लांबतो. मुंबईकराच्या वांट्याला कातरवेळ येते ती अशी मोजूनमापून येते. म्हणून वेळेचा हिशेब आधीं करावा हें बरें. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभीं सव्वासात उलटून जातात.

फेरफटक्याचा आरंभ समुद्रावर न करतां ओव्हल मैदानावर करणें अधिक शहाणपणाचें. सूर्यास्ताला पाऊण तास असतांना चर्चगेट स्टेशनांतून बाहेर पडावें. कचेऱ्या सुटून माणसांचा लोंढा त्या वेळीं स्टेशनाकडे येत असतो, व एकट्या माणसाला त्याच्या उलट दिशेनें वाट काढावी लागते. मैदानावर पोंचतांच पूर्वेकडे हायकोर्ट, विद्यापीठाचें सभागृह आणि राजाबाई मनोरा अशी गॉथिक धर्तीची रांग समोर येते. सभागृह १८७४ सालचें, हायकोर्ट व मनोरा १८७८ सालचे. सुमारें २८० फूट उंचीचा हा मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून उभा राहिला व त्यांच्या मातोश्रींचें नांव त्याला मिळालें. त्याचे आराखडे सर गिल्बर्ट स्कॉट यांनीं विलायतेंत बसून काढले. हे गृहस्थ मुंबईस कधीं आलेच नाहींत.

या साऱ्या इमारतींची दर्शनी बाजू पश्चिमेकडे कां, याचें उत्तर जुन्या किनाऱ्यांत आहे. १८६०नंतरच्या दशकांत किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर ही रांग समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. तेव्हां समुद्र आजच्यापेक्षां पुष्कळ जवळ होता. पुढें बॅकबेची भर घालण्याचें काम झालें, त्यांतील उधळपट्टीवर १९२०नंतरच्या दशकांत वीर नरिमन यांनीं झोड उठविली, आणि भरलेल्या जमिनीवर मैदानाच्या पश्चिमेस आर्ट डेको धर्तीचीं घरें आलीं. एकाच मैदानाच्या दोन बाजूंना दोन काळ असे समोरासमोर उभे असल्यामुळेंच २०१८ सालीं युनेस्कोनें या परिसराला जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. सकाळीं गॉथिक रांगेच्या दर्शनी बाजूवर सावली असते. ऊन तिला मिळतें तें उतरतें. त्या उन्हांत मनोऱ्याचा पिवळसर कुर्ला दगड मधासारखा दिसूं लागतो. मग पश्चिमेकडील घरांची सावली मैदानावरील क्रिकेटच्या पोरांना ओलांडून पुढें सरकते, समोरच्या कमानींवर चढते, आणि सरतेशेवटीं मनोऱ्याचें टोंक तेवढें उजळलेलें उरतें. हें चढणें डोळ्यांना दिसतें, पण त्यासाठीं दहा मिनिटें एका जागीं स्वस्थ उभें राहावें लागतें.

एकट्यानें फिरण्याचा खरा लाभ या दहा मिनिटांत आहे. सोबत कोणी असलें कीं थांबण्याला कारण द्यावें लागतें, आणि सावली पाहतों आहें हें कारण चारचौघांत सांगण्याजोगें नसतें. गप्पांना रंग चढला तर शहर मागें पडतें. एकटा माणूस चालण्याचा वेग स्वतः ठरवितो, हवें तेथें वळतो, कंटाळला तर परततो. मोबाइल सतत डोळ्यांपुढें धरणारा मात्र एकटा नव्हेच. त्यानें सोबतीला साऱ्या ओळखीच्या मंडळींना आणलेलें असतें.

सूर्यास्ताला वीस मिनिटें उरलीं कीं पश्चिमेची वाट धरावी. थोडक्याच वेळांत मरीन ड्राइव्हचा कठडा लागतो. येथें कोठें उभें राहावें हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. सूर्य बरोबर पश्चिमेस मावळतो तो वर्षांतून दोनच वेळां. एरवीं तो हिवाळ्यांत सुमारें २५ अंश दक्षिणेकडे आणि जूनमध्यें तितकाच उत्तरेकडे सरकतो. मलबार टेंकडीचें टोंक चर्चगेटसमोरून पाहतां पश्चिमेच्या किंचित् उत्तरेस येतें. त्यामुळें हिवाळ्यांत तेथून सूर्य पाण्यांत बुडतांना दिसतो, तर जूनमध्यें तो टेंकडीआड जातो. नरिमन पॉइंटकडे गेल्यास बाराही महिने समुद्र मोकळा मिळतो. उलट गिरगांव चौपाटीवर बसणाऱ्यांच्या नजरेआड टेंकडी सूर्याला नेहमींच थोडा आधीं नेते.

आकाशाच्या रंगांविषयीं एक गैरसमज रूढ आहे. हवेंतील धूळ जितकी अधिक तितका सूर्यास्त रंगीत, असें पुष्कळांना वाटतें. मावळतीचे किरण वातावरणांतून लांबचा मार्ग काटून येतात, वाटेंत निळा प्रकाश विखुरला जातो व तांबडा उरतो, एवढें खरें. परंतु धूर आणि धूळ बेसुमार झाली कीं बिंब क्षितिजाला पोंचण्यापूर्वींच मळकट होऊन विरून जातें. मुंबईच्या हिवाळ्यांत असे दिवस थोडे नसतात. पावसानें हवा धुतल्यानंतरची संध्याकाळ, वर उंचावर पिंजलेले ढग असतील तर, अतिशय देखणी होते. अशा वेळीं बिंब बुडतांच उठून निघणारे लोक पश्चात्तापाचे धनी होतात. कारण क्षितिजाखालीं गेलेला सूर्य उंच ढगांना खालून उजळतो, आणि सर्वांत गडद रंग त्यानंतर येतात. पावसाळ्यांत मोठ्या भरतीच्या वेळा आधीं पाहून घ्याव्यात. त्या दिवशीं कठड्यावर बसणें हें धाडस नसून मूर्खपणा आहे.

येथवर ज्या एकट्या पादचाऱ्याचें वर्णन झालें, तो बहुधा पुरुष असतो. दिवेलागणीच्या आंत घरीं परतावें हा दंडक मराठी घरांत मुलींच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत आला. मुलाला उशीर झाला तर ताट झांकून ठेवीत. मुलीला उशीर झाला तर प्रश्न तयार ठेवीत. त्यामुळें शहराची सर्वांत सुंदर वेळ अर्ध्या शहरानें खिडकींतून पाहिली. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या इंग्रजी ग्रंथांत मुंबईंतील स्त्रियांच्या या अडचणीची छाननी केली आहे. स्त्रीला बाहेर असण्यासाठीं नेहमीं कांहीं काम दाखवावें लागतें. विनाकारण रेंगाळण्याची मोकळीक मिळाल्याखेरीज शहर तिचें झालें असें म्हणतां येत नाहीं, हें त्यांचें प्रतिपादन. मुंबई इतर शहरांपेक्षां सुरक्षित असल्याचा अभिमान येथें वारंवार ऐकूं येतो, पण सुरक्षितपणें कामावरून घरीं येणें आणि मनसोक्त भटकणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मरीन ड्राइव्हच्या कठड्याचें महत्त्व या दृष्टीनें मोठें. तेथें बसण्यासाठीं कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं, दोन्ही बाजूंना माणसें असतात, आणि समुद्राकडे तोंड करून बसलेल्या स्त्रीला ती कोणाची वाट पाहते आहे असें सहसा कोणी विचारीत नाहीं. जेथें कठडा, उजेड आणि वर्दळ या तिन्हींची सोय आहे अशा जागा शहरांत किती, हें मोजण्याजोगें आहे.

अंधार पडूं लागला कीं कठड्याच्या कडेनें उत्तरेकडे चालत राहावें. दिव्यांची रांग लागलेली असते, पण राणीचा रत्नहार म्हणून तिची जी कीर्ति आहे ती खालून चालणाऱ्याला पटत नाहीं. हार पाहावयाचा तर मलबार टेंकडीवर, १९५२ सालच्या कमला नेहरू उद्यानापर्यंत चढावें लागतें, आणि बाग बंद होण्याची वेळ आधीं विचारून ठेवावी लागते. ज्याला चढण नको त्यानें चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्याजवळ थांबावें. १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांचें देहावसान झाल्यावर याच वाळूंत त्यांना अग्नि दिला गेला. तेथून चर्नी रोड स्टेशन जवळच आहे. उत्तरेकडे जाणाऱ्या गाडींत त्या वेळीं बसावयास जागा मिळत नाहीं, हें मात्र धरून चालावें.