शत्रूला सलाम!

दोस्तांनो, समजा तुम्ही लढाऊ विमानाचे वैमानिक आहात. समोर शत्रूचं विमान, तुमचं बोट मशिनगनच्या चापावर. बोट दाबलं की विमान खाली आणि पदक तुमच्या छातीवर! काय कराल तुम्ही?

२० डिसेंबर १९४३ रोजी, दुसऱ्या महायुद्धात, हाच प्रश्न फ्रान्झ स्टिगलर या जर्मन वैमानिकापुढे उभा राहिला.

फ्रान्झचा जन्म १९१५ सालचा, जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचा. बाराव्या वर्षीच हा पठ्ठ्या ग्लायडर उडवायला शिकला! पुढे तो प्रवासी विमानं चालवू लागला. मग हिटलरने युद्ध पेटवलं. १९४० मध्ये फ्रान्झचा वैमानिक भाऊ ऑगस्ट मारला गेला. फ्रान्झही लढाऊ वैमानिक झाला आणि आफ्रिकेच्या वाळवंटात गेला. तिथे त्याच्या वरिष्ठाने, गुस्ताव रोडेलने, त्याला सक्त ताकीद दिली. हवाई छत्रीने उतरणाऱ्या माणसावर गोळी झाडलीस, तर मीच तुला गोळी घालीन!

आता त्या डिसेंबरच्या दिवसाकडे वळू. इंग्लंडहून निघालेली अमेरिकन विमानं जर्मनीतल्या ब्रेमेनच्या विमान कारखान्यावर बाँब टाकायला आली होती. त्यांतलं एक बी-१७ विमान पार जायबंदी होऊन मागे पडलं. त्यात दहा जण होते आणि कप्तान चार्ली ब्राऊन अवघा २१ वर्षांचा!

फ्रान्झचं विमान तेव्हा तळावर उभं होतं. डोक्यावरून जाणारं बी-१७ दिसताच तो झेपावला. हे एक विमान पाडलं, की 'नाइट्स क्रॉस' हे मानाचं पदक मिळालंच म्हणून समजा!

तो मागून जवळ गेला. पण शेपटीतल्या मशिनगनमधून एकही गोळी आली नाही. ती चालवणारा जवान मरून पडला होता. विमानाला मोठमोठी भोकं पडली होती आणि त्यांतून आत जखमींना सावरणारे सोबती दिसत होते. फ्रान्झला रोडेलचे शब्द आठवले. ही माणसंसुद्धा जणू हवाई छत्रीलाच लटकलेली होती!

त्याने चापावरचं बोट काढलं. एवढंच नाही, तर किनाऱ्यावरच्या जर्मन तोफांनी मारा करू नये म्हणून तो त्यांच्या अगदी शेजारून उडत राहिला. समुद्र आला, तेव्हा त्याने हात कपाळाशी नेऊन सलाम केला आणि माघारी वळला. चार्लीचं विमान कसंबसं इंग्लंडला पोचलं.

फ्रान्झ मात्र गप्प राहिला. ही गोष्ट वरच्यांना कळती, तर त्याला मृत्युदंडही झाला असता! चार्लीलाही वरून गप्प राहण्याचाच हुकूम मिळाला.

युद्ध संपलं. १९५३ मध्ये फ्रान्झ कॅनडात जाऊन राहिला. आपल्याला जिवंत सोडणारा तो कोण, हा प्रश्न चार्लीला मात्र स्वस्थ बसू देईना. त्याने शोध घेतला, वैमानिकांच्या एका पत्रिकेत निवेदन दिलं आणि १९९० मध्ये कॅनडातून उत्तर आलं: तो मीच! दोघं म्हातारे भेटले, गळ्यात गळा घालून रडले. पुढे ते भावासारखे राहिले आणि २००८ मध्ये, काही महिन्यांच्या अंतराने, दोघांनीही जगाचा निरोप घेतला.

फ्रान्झ हिटलरच्या सैन्यात लढला, त्याने अनेक विमानं पाडली, हे आपण विसरायचं नाही. नाइट्स क्रॉस त्याला कधीच मिळाला नाही. पण त्या दिवशी वाचलेल्यांची मुलं, नातवंडं पुढे या जगात आली. आता सांगा बरं, मोठं पदक कोणतं?