टाकलेल्या फाइलीची टोपली

दिंडोशी येथें मुंबईच्या नगर दिवाणी व सत्र न्यायालयाची एक शाखा भरते. देशांतील न्यायालयांच्या संगणकांसाठीं सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनें ‘उबंटू’ ही लिनक्स घराण्यांतील मुक्त कार्यप्रणाली स्वीकारिली, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. ती विनामूल्य असल्यामुळें कित्येक घरींही आली आहे. तेव्हां तिच्या टोपलीचा व्यवहार वडील मंडळींनींही समजून घेणें इष्ट होय.

‘डिलीट’ची कळ दाबिली म्हणजे फाइल नष्ट होते, हा समज खरा नव्हे. ती केवळ जागा बदलते. वापरणाराच्या घर-फोल्डरांत ‘.लोकल’ नांवाचें, टिंबानें आरंभ होणारें व म्हणूनच दृष्टीआड राहणारें फोल्डर असतें. त्याच्या पोटांत ‘ट्रॅश’. तेथें दोन दालनें: एकांत मूळ वस्तु, दुसऱ्यांत तिची चिठी. वस्तु कोठून आली व केव्हां टाकिली, इतकेंच चिठीवर असतें, आणि ‘रिस्टोअर’ म्हणतांच तिच्याच आधारें ती पूर्वस्थळीं जाते. जुन्या दप्तरखान्याची आठवण व्हावी अशी ही शिस्त आहे! मात्र ‘शिफ्ट’सह डिलीट केल्यास, किंवा टर्मिनलांत ‘आरएम’ ही आज्ञा दिल्यास, चिठीही नाहीं आणि टोपलीही नाहीं.

खरा धोका पेनड्राइव्हचा. त्यांतील फाइल टाकिली असतां ती घरच्या टोपलींत न येतां पेनड्राइव्हवरच ‘.ट्रॅश-१०००’ अशा फोल्डरांत बसते. जागा मोकळी होत नाहीं, हें एक. परंतु विंडोजवर टिंबाचा आडपडदा चालत नाहीं, हें त्याहून वाईट. कोर्टांत द्यावयाचा अर्ज छापून घेण्यासाठीं आपण तो झेरॉक्सच्या दुकानांत देतों, आणि काल पुसलेलें पासबुक व आधारपत्र तेथें उघड्यावर पडलेलें असतें. पेनड्राइव्ह काढतांना उबंटू ‘टोपली रिकामी करावयाची काय?’ असें विचारते. घाईनें नकार देऊं नये.

एकत्र कुटुंबांत सर्वांचें एकच खातें असल्यास टोपलीही एकच. नातवानें जागेसाठीं ती रिकामी केली, तर आजोबांनीं चुकून टाकिलेलीं मुंजीचीं छायाचित्रें गेलीं. प्रत्येकास स्वतंत्र खातें दिल्यास प्रत्येकाची टोपली निराळी होते. ठराविक दिवसांनीं आपोआप रिकामी करण्याची सोय सेटिंग्जमध्यें ‘प्रायव्हसी’खालीं आहे, ती चालू आहे कीं नाहीं, एकदां अवश्य पाहावें. एवढें करूनही छायाचित्रें गेलींच, तर त्या डिस्कवर नवें कांहीं लिहूं नये. जुन्या धर्तीच्या फिरत्या डिस्कवरून ‘फोटोरेक’ हें विनामूल्य साधन बरेंच परत मिळवितें. नव्या एसएसडीवर ती आशा थोडी.